मधाला लागलेली माणसं

मी मधपेट्या घेतल्याची बातमी फुटली आणि आमच्या गल्लीला खोकला झाला. त्याआधी जळगावच्या कोरड्या हवेत माणसं कशी ठणठणीत होती. उन्हानं होरपळत होती, भारनियमनाला शिव्या घालत होती, पण खोकत नव्हती. पेट्या आल्या आणि समोरच्या नानांना कोरडा खोकला लागला, त्यांच्या सुनेला ओला, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला असा एक खास खोकला जडला, जो मी दुकानात पाय ठेवला की मगच उठायचा. "मध अन् आल्याचा रस," तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "पण शुद्ध पाहिजे भो. बाजारात काही खरं नाही राह्यलं."

पेट्यांमध्ये तेव्हा मधाचा थेंब नव्हता. माश्या होत्या, आणि त्याही गल्लीत नव्हत्या. त्या होत्या चोपड्याकडे, मेहुण्याच्या शेतात, तापीच्या अंगाला. "मध व्हायला वेळ लागतो," मी सांगायचो. "काही घाई नाही," नाना म्हणायचे, "तोवर खोकू."

निवृत्त माणसानं काहीतरी करत राहावं असं घरच्यांना फार वाटतं. ते घराबाहेर करावं, एवढीच त्यांची अट असते. मी आयुष्यभर बँकेत लोकांच्या नोटा मोजल्या, त्यामुळे आपलं स्वतःचं असं काही मोजावं अशी इच्छा होतीच. त्यात वाचनात आलं की महाबळेश्वरजवळचं मांघर हे २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे आणि त्यांच्या मधकेंद्र योजनेत निम्मे पैसे आपले नि निम्मं अनुदान, असंही कळलं. अनुदान म्हटलं की आमच्याकडचा माणूस शेळीपासून शेततळ्यापर्यंत काहीही घ्यायला तयार होतो. मी तर माश्याच घेत होतो.

"महाबळेश्वरला जंगल आहे, जांभूळ आहे, थंडी आहे," सौभाग्यवती म्हणाली. "आपल्याकडे काय आहे?"

"केळी."

"केळीला माशीची काय गरज?"

ही केळी-बागायतदाराची मुलगी. बागेतल्या केळीला फळ धरायला परागीभवन लागत नाही, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. मी म्हटलं, केळीला माशीची गरज नसेल, माशीला केळफुलातल्या मकरंदाची आहे. शिवाय बांधाच्या पलीकडे धने आहेत, बियाण्याच्या कांद्याला पांढरे गोंडे आलेत, शेवगा आहे, तूर आहे, कडुनिंब तर गावभर आहे. ती म्हणाली, "बरं. पण माश्या माहेरी ठेवायच्या, इथे नाही." माहेरी काय पाठवावं याबद्दल तिची मतं नेहमीच स्पष्ट असतात.

आमच्याकडे मधमाशी म्हणजे आग्या. बाकीच्या जाती लोकांच्या गणतीतच नाहीत. अजिंठ्याच्या कड्याला लोंबणारी, शहरात पाण्याच्या टाकीखाली मुक्काम ठोकणारी, आणि एकदा बिनसली की वऱ्हाडाला नवरदेवासकट पळवणारी ती आग्या. साहजिकच, 'त्यानं आग्या मोहोळ पाळलं' अशी बातमी फिरली. प्रत्यक्षात आग्या पाळताच येत नाही. ती उघड्यावर एकच भलंथोरलं पोळं बांधते, पेटीत कोंडली तर राहत नाही. तिचा मध काढावा सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा मंडळींनी, रात्रीच्या अंधारात, धूर करून. बँकेतून निवृत्त झालेल्यांचं ते काम नव्हे. दुसरी फुलोरी, ही बोरी-बाभळीच्या झुडपात तळहाताएवढं पोळं करते. तिचा मध काढणं म्हणजे गरिबाच्या घरी दरोडा. सातेरी ढोलीत राहते, तशी पेटीतही राहते. आणि माझी होती ती मेलिफेरा, युरोपातली. साठच्या दशकात ती पंजाबकडे रुजली आणि तिथून पेट्यांत बसून देशभर फिरली. स्वभावानं शांत, मधाला भरघोस.

"विदेशी आहे?" मेहुण्यानं विचारलं.

"हो."

"मग दाजी, हिला आपलं ऊन सोसंन का?"

या संपूर्ण प्रकरणात कुणी विचारलेला हा एवढाच शहाणा प्रश्न. पेट्या आम्ही आंब्याखाली ठेवल्या, जवळ परातीत पाणी आणि पाण्यात दगड ठेवले, म्हणजे माश्या बुडायला नकोत. ऊन तापलं की माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालून आतली हवा थंड करतात. जळगावच्या कूलरचंही तत्त्व तेच, फक्त त्यांना वाळा बदलावा लागत नाही.

प्रशिक्षणाला गेलो तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: पेटी उघडण्यापूर्वी केळं खाऊ नये. वर्गात शांतता पसरली. जळगाव जिल्ह्यातल्या माणसांना हे सांगणं म्हणजे मोठंच धाडस. सरांनी समजावलं. माशी डंख मारते तेव्हा डंखाबरोबर एक वास सोडते. तो वास म्हणजे बाकीच्या माश्यांना 'इथेच मारा' असा हुकूम असतो. त्यातला मुख्य घटक आयसोअमाइल अॅसिटेट, आणि नेमका तोच पिकल्या केळ्याच्या वासातही असतो. हे शास्त्रज्ञांनी १९६२ साली शोधून काढलं. पूर्व खानदेशाचं नाव जळगाव जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झालेली. एवढी महत्त्वाची गोष्ट आम्हाला कुणी कळवली कशी नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

रावेरचा एक शेतकरी उभा राहिला. "सर, आमच्या तर उशीलाही केळीचा वास येतो."

"मग काळजी घ्या."

"काळजी काय घ्यायची सर? माश्याही रावेरच्याच असल्या तर त्यांना सवय असीन."

मेहुण्याचंही हेच मत होतं. पेट्या बघायला तो आला तो केळं सोलत. मी म्हटलं, "टाका ते." तो म्हणाला, "दाजी, ही आपल्या बागेची केळी आहेत," जणू काही माश्यांना सातबारा दाखवला की झालं. पहिला डंख कानाच्या पाळीला बसला, दुसरा त्याच्याच शेजारी, आणि तिसरा कुठे बसला हे त्यानं घरात बायकांसमोर सांगितलं नाही. माशीच्या डंखाला उलटे काटे असतात. तो कातडीत रुतून राहतो आणि विषाची पिशवी मागून पंप मारत राहते, म्हणून चिमटीत धरून उपटत बसण्यापेक्षा नखानं खरवडून चटकन काढायचा. मी हे सगळं सांगेपर्यंत मेहुणा विहिरीपलीकडे पोहोचला होता. नुसता कानच सुजला, यावर निभावलं. अंगभर गांधी उठल्या असत्या किंवा श्वास लागला असता तर थेट दवाखाना गाठावा लागला असता. त्या दिवसापासून तो पेटीकडे पाठ करून उभा राहतो आणि तिथून मला सूचना देतो.

सूचना एकच: काढा. धन्याला बहर आला, मधकोठीत चौकटी भरू लागल्या, आणि मेहुण्याचा धीर सुटला. पेटीत खालची कोठी पिलाव्याची, तिला हात लावायचा नाही. वरची मधाची, ती आपली. या दोहोंच्या मध्ये राणी-जाळी असते. तिच्यातून कामकरी माशी जाते, राणी जात नाही, म्हणून मधकोठीत अंडी पडत नाहीत. पण भरलेला मध म्हणजे पिकलेला मध नव्हे. फुलातून आणलेला मकरंद पाण्यासारखा पातळ असतो. माश्या तो वारा घालून आटवतात आणि पुरेसा दाट झाला की घराघरावर मेणाची पातळ पांढरी झाकणं लावतात. चौकटीचा बहुतेक भाग असा सीलबंद झाला की काढायला हरकत नाही. शंका आली तर चौकट आडवी धरून एक झटका द्यायचा. थेंब उडाले तर अजून कच्चा आहे.

"केळीचा घड आपण कच्चाच कापतो ना?" मेहुणा म्हणाला.

"त्याला पिकवायला चेंबर आहे. मधाला नाही."

त्याला ते पटलं नाही. मी जळगावला असताना त्यानं गड्याला पुढे करून एक चौकट काढली, पिळली आणि बाटली भरून देव्हाऱ्याशेजारी ठेवली. मधात पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की यीस्टला चेव येतो. काही दिवसांनी बाटली फसफसली, बुचानं देवाच्या तसबिरीचा वेध घेतला, आणि घरात नवरात्रातही येऊ नये असा वास सुटला. योगायोगानं धुळ्याचे आमचे आबा त्या दिवशी तिथे मुक्कामाला होते. त्यांनी बाटली हुंगली, बोट बुडवून चाखलं, पुन्हा चाखलं. "हाऊ मध चांगला शे," ते म्हणाले आणि बाटली घेऊन ओसरीवर गेले.

आबा कामाचे माणूस. शिक्षकी करताना त्यांनी कधीकाळी सातेरीच्या पेट्या ठेवल्या होत्या आणि मध काढायचं यंत्र त्यांच्या धुळ्याच्या घरी माळ्यावर पडून होतं. यंत्र म्हणजे स्टीलचा ड्रम, आत जाळीचा पिंजरा, वर दांडा. चौकटी पिंजऱ्यात उभ्या करून दांडा फिरवला की मध ड्रमच्या भिंतीवर उडतो आणि खालच्या तोटीतून येतो, पोळं मात्र शाबूत राहतं. फ्रान्झ फॉन ह्रुश्का नावाच्या ऑस्ट्रियाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८६५ साली ही युक्ती जगापुढे आणली. त्याचं महत्त्व फार. कारण किलोभर मेण करायला माश्यांचा कितीतरी किलो मध खर्ची पडतो. पोळं पिळून फेकलं की त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घर बांधायचं. रिकामं पोळं परत दिलं की त्या लगेच भरायला लागतात.

"माले आते काय उपयोग शे? लई जाय," आबा म्हणाले. "पण सावकाश फिरावजो. नवं पोळं तुटी जाई."

मी ते यंत्र धुळ्याहून जळगावला बसनं आणलं. बसमध्ये झाकण नसलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही. झाकण असलं की सगळ्यांना ते उघडून पाहिजे. धुळ्याच्या स्टँडवरच एकानं विचारलं, "आइस्क्रीमचा पॉट का?" दुसऱ्यानं दांडा फिरवून पाहिला आणि ताक घुसळायचं मशीन असल्याचा निकाल दिला. कंडक्टर म्हणाला, याचं सामानाचं तिकीट लागेल. मी दिलं. "आत जिवंत काही नाही ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही. आणि ते तेव्हा खरं होतं.

पारोळ्याला बस थांबली. शेजारच्या आजोबांना राहवेना, म्हणून मी झाकण उघडून दाखवलं. आबांनी माळ्यावर टाकताना यंत्र धुतलं नसावं, कारण आत कुठल्यातरी जुन्या मधाचा लेप होता. खिडकीखाली रसवंती होती, आणि रसवंतीवर माश्या होत्या. उसाच्या रसापेक्षा मध बरा, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पुढचं फार वर्णन करत नाही. पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत तिघांच्या बाकावर मी एकटा होतो. एरंडोलला कंडक्टर दारातूनच म्हणाला, "काका, तुम्ही जळगावलाच उतरणार ना? मधे कुठं उतरायचं असलं तर बस थांबवतो. कुठंही."

मध काढायचा बंद खोलीत. दारं-खिडक्या लावून, नाहीतर वास घेत माश्या येतात. इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं, खोली उबदार ठेवावी, म्हणजे मध पातळ होऊन सहज निघतो. जळगावात हे वाक्य वाचून आम्ही दोघं बराच वेळ हसलो. मेहुण्यानं पहाटे सीलबंद चौकटी ओल्या कापडात झाकून आणून दिल्या. आमच्या स्वयंपाकघरात खिडक्या लावून, पंखा फिरवत काम सुरू झालं. सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, आणि चौकट तिरपी धरून खालून वर, हलक्या हातानं, झाकणांचा पापुद्रा उतरवायचा. पापुद्रा सुरीवर गुंडाळत येतो आणि खालचा मध उजेडात येतो, तांबूस सोनेरी, प्रत्येक सहाकोनी घरात काठोकाठ. मी दांडा फिरवला. आधी काहीच झालं नाही. मग ड्रमच्या आतून बारीक पाऊस सुरू झाल्याचा आवाज आला आणि तोटीतून एक जाड, न तुटणारी धार पातेल्यात उतरली. सौभाग्यवती कितीतरी वेळ काही बोलली नाही. आमच्या संसारात हे सहसा घडत नाही.

तेवढ्यात आईनं खिडकी उघडली. "जीव घुसमटतो रे," ती म्हणाली, आणि पंच्याऐंशीच्या बाईला घुसमटायचा अधिकार असतोच. एक माशी आत आली. कुठली होती कोण जाणे, आमच्या पेट्या तर चोपड्याला. तिनं फेरी मारली, मध चाखला आणि निघून गेली. "बघ, गेली," आई म्हणाली. गेली होती ती निरोप द्यायला. पोळ्यावर नाचून माशी बाकीच्यांना खाण्याची दिशा आणि अंतर सांगते. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. आमच्या माशीचं नृत्य उत्तम वठलं असावं. कारण पंधरा मिनिटांत स्वयंपाकघरात आम्ही कमी आणि माश्या जास्त होतो. आई पदर डोक्यावर घेऊन देवघरात, सौभाग्यवती डबल-बेडच्या चादरीखाली, आणि मी दांडा फिरवत, कारण दांडा सोडला असता तर हाताला चिकटून तोही बरोबर आला असता.

माणसांना नाचावं लागत नाही. नानांच्या सुनेनं आमची धावपळ पाहून एक मेसेज टाकला आणि गल्ली दारात उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात बाटली. खोकल्याच्या औषधाची, लोणच्याची, एक तर फिनाइलची, पण "धुतलीय, तीनदा धुतलीय." धुतलीय म्हणजे ओली आहे, आणि ओल्या बाटलीत भरलेला मध पाणी ओढून आंबतो. मी सांगितलं, आज मिळणार नाही. मध मलमलच्या कापडातून गाळायचा, दोन दिवस स्थिर ठेवायचा, वर फेस नि मेणाचे कण जमतात ते काढायचे, मग भरायचा, कोरड्या बाटलीत. "दोन दिवस? मग त्यात काय मिसळणार आहेस?" नानांनी विचारलं. तिथून संशयाला सुरुवात झाली.

पलीकडच्या वहिनी नव्या नातवाला चाटवायला मध मागायला आल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, असं डॉक्टर सांगतात. मधात क्वचित बोट्युलिझमचे जंतू सुप्त असतात, मोठ्यांना त्रास होत नाही, तान्ह्याला होऊ शकतो. मी हे शक्य तितकं गोड शब्दांत सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "द्यायचा नसला तर तसं सांगायचं भाऊजी, जंतू कशाला काढायचे?"

मध संपला तरी चिकटपणा संपत नाही. दाराची कडी, फोन, चष्मा, पंख्याचं बटण, सगळं चिकट. वर्तमानपत्र वाचायला घेतलं की अग्रलेख हातालाच राहायचा. तसं बघायला गेलं तर एवढा जवळून मी अग्रलेख कधी वाचला नव्हता.

आता मेण. कापलेल्या झाकणांचा एक घमेलंभर चिकट ढीग उरला होता. तो चाळणीत निथळला, साध्या पाण्यानं धुतला. मेण थेट चुलीवर ठेवायचं नाही, पेट घेतं. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. बासष्ट-चौसष्ट अंशांना ते पाघळतं, पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर तरंगतं, निवलं की वडी होते. वडीच्या तळाला काळपट गाळ चिकटतो, तो खरवडायचा. हे सगळं एका ओळीत लिहिता येतं, पण ते कुठल्या भांड्यात करायचं याची चर्चा आमच्या घरी संध्याकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालली. मेण लागलेलं भांडं जन्मात पुन्हा स्वच्छ होत नाही, हे सौभाग्यवतीला पुस्तक न वाचता कळलं होतं. शेवटी लग्नात माझ्या मावशीनं दिलेलं एक पातेलं बाजूला काढण्यात आलं. सासरकडच्या मावशीचं भांडं वाया घालवताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मध पाहतानाही नव्हतं.

मग मला गच्ची आठवली. काळ्या रंगाची पत्र्याची पेटी, वर काच, आत उतरता पत्रा, खाली भांडं. सूर्य मेण वितळवतो, गॅस वाचतो. थंड देशातले लोक यासाठी कडक उन्हाची वाट बघतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये ऊनच माणसाची वाट बघत असतं. बाहेर बेचाळीस, काचेखाली त्याहून कितीतरी जास्त. दुपारी दीडला मेण वितळून गाळणीतून खाली उतरलेलं. उन्हाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा मी दोन चांगले शब्द बोललो.

फक्त एक झालं. एप्रिल हा कुरडया-पापडांचाही महिना. शेजारच्या गच्चीवर नानांची सून, तिच्या जावा आणि गल्लीतल्या निम्म्या बायका चिकाच्या कुरडया घालत बसल्या होत्या. ऊन लागलं तसा मेणाचा आणि मधाचा वास पसरला. आल्या माश्या. आधी माझ्या काचेवर, मग मेण हाती लागत नाही असं दिसल्यावर कठड्यापलीकडे. त्या कुणालाही चावल्या नाहीत, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे, पण ऐकायला गच्चीवर कुणी उरलं नव्हतं. साड्यांवर ओल्या कुरडया, जिन्यात ओल्या कुरडया. एक सोऱ्या थेट आमच्या अंगणात.

मेणाची वडी निघाली सुरेख, पिवळी, वासाला किंचित गोड. आईनं ती हातात घेतली, नखानं टोकरली, कपाळावर टेकवली. पूर्वी बायका कुंकू लावायच्या आधी कपाळावर मेणाचं बोट लावत, म्हणजे पिंजर चिकटून राहायची. आईच्या आईकडे त्याची लाकडी डबी होती. "टिकल्या आल्या आणि डबी गेली," ती म्हणाली आणि वडीचा तुकडा मोडून पदराला बांधला.

हे कुणीतरी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या टाचा फुटल्या. तेलात मेण वितळवून भेगांना लावतात हे सगळ्यांना ठाऊकच होतं, फक्त मेण नव्हतं म्हणून टाचा इतकी वर्षं कशाबशा शाबूत राहिल्या होत्या. कुरडयांवरून आमच्याशी अबोला धरलेल्या नानांच्या सुनेनंही लहान मुलाला पाठवलं: "काकू म्हणे, थोडं मेण. आणि सोऱ्या."

मधाच्या बाटल्या वाटल्या, काही विकल्या. मग परीक्षा सुरू झाल्या. बाजारातल्या मधाचं २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा साखरेचा पाक ओळखायला नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत पाठवावे लागले. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांना चकवतील असे पाक बाजारात होते म्हणून. आमच्या नानांना जर्मनी लागत नाही. त्यांना एक काडेपेटी पुरते. मधात काडी बुडवून ती पेटली तर शुद्ध. पेटली नाही. "पाणी आहे," नाना म्हणाले. मी म्हटलं, काडेपेटी खिशात घामानं ओली झाली असेल. दुकानदारानं ग्लासभर पाण्यात थेंब सोडला, तो सरळ तळाला गेला. शुद्ध! मग त्यानं तो चमच्यानं ढवळला, विरघळला. अशुद्ध! साखरेचा दाट पाकही असाच तळाला जातो आणि ढवळला तर मधही विरघळतो, हे सांगायची सोय नव्हती. वहिनींनी कुत्र्यापुढे ठेवला. शुद्ध मध कुत्रं खात नाही म्हणे. त्यांच्या कुत्र्यानं हुंगून तोंड फिरवलं. मी सुटलो म्हणेपर्यंत कळलं, ते कुत्रं भाकरीलाही तोंड फिरवतं, त्याला बिस्किटं लागतात. मुंग्यांबद्दल दोन पंथ होते. मुंग्या आल्या म्हणजे साखर आहे, आणि मुंग्या आल्या नाहीत म्हणजे औषध आहे.

डिसेंबरात थंडी पडली आणि उरलेला मध बाटलीत गोठला. पांढरट, रवाळ. मधातलं ग्लुकोज थंडीत बसतं, चौदा अंशांच्या आसपास सर्वांत लवकर. कोमट पाण्यात बाटली उभी ठेवली की पुन्हा पातळ होतो, उकळत्या नाही, कोमट. यात मधाचा काही दोष नाही. हे मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. प्रत्येक घरी लोकांनी मान डोलावली, चहा दिला, आणि मी जिना उतरेपर्यंत "साखर बसलीय" असं ठरलं.

शेवटी नाना स्वतः आले. बाटली टेबलावर ठेवली. नानांना शुगर आहे. चहा बिनसाखरेचा घेतात, बरोबर चार पेढे.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "शुद्ध मध शुगरला चालतो ना?"

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका."

"का?"

"नाना, मधात शेकडा ऐंशीच्या आसपास साखरच असते. फ्रुक्टोज, ग्लुकोज. माशी ती फुलांमधून…"

"साखर असते?"

"असते, पण…"

"ऐंशी टक्के?"

नाना उठले, बाटली घेतली आणि दारातूनच समोरच्या गॅलरीकडे तोंड करून ओरडले, "ऐकलं का गं? त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. ऐंशी टक्के साखर!"

संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदारानं गिऱ्हाईक बाजूला सारलं, गल्ल्यावरून वाकला आणि हळूच म्हणाला, "नाना म्हणत होते ते जाऊ द्या भो. वीस टक्के तरी शुद्ध आहे ना? त्या वीस टक्क्यांचाच काय तो वेगळा भाव सांगा."

ते वीस टक्के म्हणजे बहुतेक पाणी असतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. मागून सौभाग्यवतीनं सदऱ्याची बाही ओढली.